दिवसभर राबतो, मग व्यायाम कशाला?

भाकऱ्या झाल्या का? ज्यांच्या व्हायच्या असतील त्यांनी हात चालू ठेवा, कान तेवढे इकडे द्या.

मी मुंबईत लालबागला राहते आणि बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. लालबाग, परळ, दादर, गिरगाव या भागातले गट माझ्याकडे आहेत. वर्षातून तीन-चार वेळा गावाकडच्या गटांच्या प्रशिक्षणालाही मी जाते. अशाच एका प्रशिक्षणात मला एक प्रश्न विचारला गेला. आजचं बोलणं त्याच प्रश्नावर आहे.

विषय होता आरोग्य. मी तयारी करून गेले होते. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, रोज अर्धा तास व्यायाम करा. मागच्या रांगेतल्या एक मावशी उठल्या आणि म्हणाल्या, "ताई, पहाटे उठून मी पाणी भरते, शेण काढते, भाकऱ्या करते. मग खुरपायला जाते. येताना जळणाचा भारा आणते. यात तुमचा अर्धा तास बसवायचा कुठे? आणि एवढं राबल्यावर व्यायाम कशाला हो?" सगळ्या हसल्या. मीही हसले आणि विषय बदलला. खरं सांगते, माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. कारण गटाची वही माझ्यासमोर असते. कुणाचा हप्ता थकला की त्यापुढे मी कारण लिहून ठेवते. त्यात कंबर धरली, गुडघा सुजला, खांदा वर जात नाही, मनगटातून कळ येते, ही कारणं पुन्हा पुन्हा येतात. म्हणजे राबणाऱ्या बाईचंच अंग दुखतं, दुखलं की काम बुडतं, काम बुडलं की हप्ता थकतो, आणि मग औषधासाठी पुन्हा कर्ज. आपण गटाचं भांडवल पासबुकात बघतो. खरं भांडवल आपले हातपाय आहेत. त्याचा हिशोब कोण ठेवतं?

आता माझ्या आईची गोष्ट सांगते.

आमचं घर गिरणगावातलं. गिरणीत काम करणारे पुष्कळ पुरुष गावाकडून एकटे यायचे आणि त्यांना दोन वेळचं जेवण चाळीतल्या बाया करून घालायच्या. खानावळवाल्या बाया म्हणायचे त्यांना. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी याच बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. त्याच्याही आधी, १९५९ साली, गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्याचं पुढे लिज्जत पापड झालं. आपल्या बचत गटांच्या या थोरल्या बहिणी. बाईच्या हाताच्या बळावर केवढं उभं राहू शकतं, ते या भागाने बघितलं आहे.

माझी आईही त्यातलीच. गिरण्या बंद पडल्या तरी तिने डब्यांचं काम सोडलं नाही. रोज शंभर-सव्वाशे पोळ्या. जमिनीवर बसून, पोळपाट पुढ्यात घेऊन. बावन्नाव्या वर्षी तिचा उजवा खांदा दुखायला लागला. आधी तिने बाम लावला. मग जवळच्या एका दवाखान्यातून गोळ्या आणल्या. दुखतं म्हणून तिने हात वर करणंच सोडून दिलं. सहा महिन्यांनी एक दिवस ती माझ्यासमोर पाठ करून बसली आणि म्हणाली, "जरा अंबाडा घालून दे गं." मागे हात जात नव्हता. ब्लाउजची बटणंसुद्धा वडिलांना लावायला सांगत होती, आणि ते मला सांगायची तिला लाज वाटत होती. पोळी मात्र लाटत होती! हात खाली, पोळपाटाएवढा फिरत होता, म्हणून आम्ही समजत होतो की हात चालू आहे.

शेवटी तिला मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथे फिजिओथेरपीच्या एक तरुण बाई होत्या. त्यांनी गोळी दिली नाही. आधी म्हणाल्या, "मावशी, हात पुढून वर करा. आता बाजूने वर करा. आता पाठीमागे न्या." प्रत्येक वेळी हात किती गेला ते लिहून घेतलं. आणि विचारलं, "साखर तपासली आहे का?" तपासली, तर मधुमेह निघाला. खांदा असा आखडण्याचा आणि मधुमेहाचा जवळचा संबंध आहे, हे आम्हाला तिथे कळलं. चाळीस ते साठ वयाच्या बायकांत हे दुखणं जास्त दिसतं. म्हणून सांगते, खांदा धरला तर तेल चोळत बसू नका, साखर तपासून घ्या.

त्या बाईंनी आईकडे ज्या नजरेने बघितलं, त्या नजरेमागे एक शास्त्र आहे. त्याचं नाव कायनेसिऑलॉजी. नावाला घाबरू नका. ग्रीक भाषेत कायनेसिस म्हणजे हालचाल. हालचालीचं शास्त्र, एवढाच त्याचा अर्थ. माणूस वाकतो, उचलतो, चालतो, बसतो, तेव्हा हाडं, सांधे, स्नायू आणि नसा मिळून काम कसं करतात, याचा हा अभ्यास.

आमच्या परळला याची जुनी ओळख आहे. कमलाबाई निंबकर नावाच्या एक बाई होत्या. जन्माने अमेरिकन, लग्न करून इथे आल्या आणि इथल्याच झाल्या. त्यांनी १९५० साली परळच्या के.ई.एम. रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली, भारतातली पहिली. आजाराने किंवा अपघाताने हातपाय अडले, तर माणसाला रोजची कामं पुन्हा करता यावीत म्हणून शिकवायचं, हे ते काम. जेवणं, कपडे घालणं, वेणी घालणं, यालाही त्या शाळेत अभ्यासाचा मान होता. थोड्याच वर्षांत त्याच रुग्णालयात फिजिओथेरपीची शाळाही निघाली. आज तालुक्याच्या गावीही फिजिओथेरपी करणारी माणसं भेटतात.

आता या शास्त्रातल्या पहिल्या चार गोष्टी मी सांगते. पुस्तक लागणार नाही. तुमचं अंगच पुस्तक.

पहिली गोष्ट, सांधे. मोठ्या माणसाच्या अंगात २०६ हाडं असतात. दोन हाडं जिथे भेटतात तो सांधा. कोपर वाकवून बघा. दाराच्या बिजागरीसारखं उघडतं आणि मिटतं. याला बिजागरीचा सांधाच म्हणतात. गुडघाही बराचसा तसाच. आता खांदा फिरवा. पुढे, मागे, वर, गोल. उखळात मुसळाचं टोक बसावं तसं दंडाचं गोल डोकं खांद्याच्या वाटीत बसलेलं असतं. हा उखळीचा सांधा. मांडीचा सांधाही उखळीचाच, पण त्याची वाटी खोल असते. खांद्याची वाटी उथळ असते, म्हणून तो सगळ्यात जास्त फिरतो. आता मला सांगा, खांदा एवढा सगळीकडे फिरायला केलेला, आणि पोळी लाटताना, खुरपताना, भांडी घासताना, कपडे धुताना तो फिरतो किती? सगळं काम छातीच्या खाली, पुढ्यात. डोक्याच्या वर हात दिवसातून किती वेळा गेला, मोजून बघा.

सांध्यात हाडांच्या टोकांवर गुळगुळीत गादी असते, तिला कूर्चा म्हणतात. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. मग तिला पोसतं कोण? सांध्यातलं वंगण. सांधा हलतो, दाबला जातो, सुटतो, तेव्हा ते वंगण गादीत आत-बाहेर होतं. भांडी घासायचा स्पंज पाण्यात दाबून सोडावा तसं. म्हणून "दुखतंय, हलवूच नको" हा सल्ला दर वेळी खरा नसतो. मोडलं, सुजलं, लाल झालं असेल तर विश्रांती हवीच. पण नुसतं आखडलेलं अंग बसवून ठेवलं तर आणखी आखडतं. आईच्या खांद्याचं तेच झालं.

दुसरी गोष्ट, स्नायू. अंगात सहाशेच्या वर स्नायू आहेत आणि त्या सगळ्यांचा एक नियम आहे. स्नायू फक्त ओढतो, ढकलत नाही. डावा हात उजव्या दंडावर ठेवा आणि उजवं कोपर वाकवा. पुढची बेटकुळी टणक झाली ना? तिने हात ओढून घेतला. आता हात सरळ करून चौकट जोरात ढकला. मागचा स्नायू टणक होतो. म्हणजे स्नायू जोडीने काम करतात, विहिरीवरच्या रहाटाला दोन बाजूंनी दोर ओढावा तसे. एकाच बाजूचा दोर रोज ओढला आणि दुसरा सैल पडला तर काय होईल? रहाट वाकडा होईल. आपण दिवसभर पुढे वाकून काम करतो. छातीचे स्नायू आखडतात, पाठीचे ताणून ताणून थकतात. चाळिशीतच पोक येतं ते यातून.

तिसरी गोष्ट, वजन. आत्ता एक प्रयोग करा. तांब्या पाण्याने भरा आणि छातीशी धरा. काही वाटत नाही. आता तोच तांब्या हात लांब करून धरा. वीस मोजेपर्यंत हात थरथरेल. पाणी तेवढंच, तांब्या तोच. फक्त अंगापासून लांब गेला. पहारीने दगड उचलतो ना, तीच तरफ इथे उलटी लागते. ओझं टेकूपासून जितकं लांब, तितकी ताकद जास्त. तुम्ही गुडघे न वाकवता, कंबरेतून वाकून लांबचा हंडा उचलता, तेव्हा टेकू असतो कंबरेचा मणका. त्याला धरणारे स्नायू अगदी जवळ आणि हंडा हातभर लांब. हंड्याच्या वजनाच्या कितीतरी पट भार त्या स्नायूंवर आणि मणक्यावर येतो. म्हणून हंड्याजवळ जा, पाय थोडे फाकवा, गुडघे वाकवा, हंडा पोटाशी घ्या आणि मांड्यांच्या जोरावर उठा. उचललेल्या ओझ्यासकट कंबरेतून पिळू नका. वळायचं असेल तर पावलं वळवा. मोठ्या एका हंड्यापेक्षा दोन्ही हातांत सारखी दोन छोटी भांडी केव्हाही बरी.

चौथी गोष्ट, पोटरी. हृदय रक्त पायांपर्यंत ढकलतं, पण ते परत वर चढवायला पोटरीचा स्नायू मदत करतो. चालताना पोटरी आवळते, सुटते, आणि शिरांमधलं रक्त वर सरकतं. मुंबईत महालक्ष्मी सरसच्या प्रदर्शनाला गटांच्या बाया येतात. स्टॉलवर दिवसभर एका जागी उभ्या. संध्याकाळी पाय सुजलेले. उभं राहणं म्हणजे चालणं नव्हे. अशा वेळी जागच्या जागी टाचा वर-खाली करा. गिऱ्हाईक असलं तरी कुणाला कळत नाही.

इथपर्यंत मी जास्त राबणाऱ्या बाईबद्दल बोलले. आता दुसरी बाजू.

माझ्या सासूबाईंचं घर चाळीत तिसऱ्या मजल्यावर होतं. लाकडी जिना. भाजीला खाली, देवळात खाली, मुलांना आणायला खाली. दिवसात चार-पाच वेळा चढ-उतार. मग चाळीचा पुनर्विकास झाला आणि आम्ही टॉवरमध्ये सतराव्या मजल्यावर गेलो. लिफ्ट, घरात नळ, घरात संडास. चाळीतलं सामायिक संडास आणि पहाटेचं पाणी कुणालाच परत नकोय, मलाही नको. पण सासूबाईंचं चालणं बंद झालं. भाजी फोनवर. गप्पा मारायला गॅलरी नाही. पाच वर्षांत त्यांना खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागू लागला. गणपतीला गावी गेलो, तर माजघराच्या उंबऱ्याला अडखळून पडल्या आणि मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, हाडं ठिसूळ झाली आहेत आणि पायांत ताकद उरलेली नाही.

पाळी गेल्यावर बायकांची हाडं भराभर विरळ होतात. हाडांवर भार पडला, चाललं, चढलं, थोडं वजन उचललं, तर ती मजबूत राहायला मदत होते. हाड ही काठीसारखी मेलेली वस्तू नाही. ती वापराप्रमाणे घडत राहते.

यावर एक जुना अभ्यास आहे. लंडनला जेरी मॉरिस नावाचे डॉक्टर होते. तिथल्या डबलडेकर बसमधले ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची त्यांनी तुलना केली. खातं एकच, रस्ते तेच. पण ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर तिकिटं फाडत वरच्या मजल्यावर चढतोय, उतरतोय, रोज पाच-सातशे पायऱ्या. १९५३ साली त्यांनी छापलं की कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा कमी होतो. आमच्या मुंबईतही १९३७ पासून डबलडेकर धावायची. लहानपणी आम्ही वरच्या मजल्यासाठी भांडायचो, तेव्हा वर येणाऱ्या कंडक्टरकडे मी कधी त्या नजरेने बघितलं नव्हतं.

आता गावाकडे बघा. जातं गेलं, गिरणी आली. ते चांगलंच झालं. नळ आला, स्कूटी आली, मिक्सर आला. ते सगळं हवंच. पण ज्या घरात कष्ट कमी झाले, तिथल्या पन्नाशीच्या बाईची गत माझ्या सासूबाईंसारखी होऊ शकते. आणि शेजारच्या घरात अजून हंडे डोक्यावर आहेत, तिथे माझ्या आईसारखी. एकाच गटात या दोघी मांडीला मांडी लावून बसतात.

म्हणून त्या मावशींना माझं उत्तर आता असं आहे. मावशी, तुमचं राबणं ही हालचालच आहे. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा घरातली, शेतातली मेहनत हिशोबात धरते. त्यांचं सांगणं आहे की मोठ्या माणसाने आठवड्यात १५० ते ३०० मिनिटं, जरा धाप लागेल अशी हालचाल करावी, आणि आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे व्यायाम. धाप किती, तर बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही एवढी. पासष्टीच्या पुढे तोल सांभाळण्याचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस. त्यातली १५० मिनिटं तुम्ही दोन दिवसांत भरता. तुम्हाला आणखी दमण्याची गरज नाही.

पण काम ठरवतं की अंग कसं हलणार. शेताला, चुलीला, हंड्याला तुमच्या खांद्याची काळजी नसते. तेच वाकणं, तीच बाजू, दुखलं तरी थांबायची सोय नाही. व्यायामात तुम्ही ठरवता. काम जे देत नाही, ते दहा मिनिटांत अंगाला द्यायचं. दिवसभर पुढे वाकलात, तर थोडं मागे. हात खाली होते, तर वर. बसून होतात, तर चाला. उभ्या होतात, तर पाय वर करून पडा. होय, पडणं हाही त्याचाच भाग आहे. थकलेला स्नायू विश्रांतीतच भरून येतो.

शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात पोरी दोरीच्या मल्लखांबावर चढताना मी नेहमी बघते. उलट्या होतात, पायाच्या बोटांत दोरी धरतात, हात सोडतात. अंगाचा एक सांधा रिकामा राहत नाही. आपल्याला दोरीवर चढायचं नाही. पण आपल्याकडेही तसं काही होतंच की. मंगळागौरीचे खेळ आठवा. फुगडीत हातांची पकड, मागे झोकलेलं अंग, तोल. झिम्म्यात हात वर. बसफुगडीत मांड्या. पिंग्यात कंबर. आपल्या आज्यांनी कायनेसिऑलॉजी वाचली नव्हती, पण रोजच्या कामात जे हलत नाही ते सगळं त्या रात्री हलवून घ्यायच्या. आणि एक सांगू? खेळाला पूजा लागत नाही. मंगळागौरीला ज्या बहिणीला कुणी बोलवत नाही, नवरा गेलाय म्हणून बाजूला बसवतात, तिचाही हात धरून तिला फेरात घ्या. सांधे तिलाही आहेत.

आमच्या गटात आम्ही आता मीटिंगच्या आधी दहा मिनिटं हे करतो. लक्षात ठेवा.

एक, दोन्ही हात पुढून वर, कानाला टेकतील एवढे, दहा वेळा. दोन, भिंतीपासून हातभर लांब उभं राहून भिंतीवर तळवे टेकायचे, कोपर वाकवून भिंतीकडे जायचं आणि ढकलून मागे यायचं, दहा वेळा. तीन, खुर्चीवरून किंवा ओट्यावरून हात न टेकता उठायचं-बसायचं, जमेल तेवढं. चार, भिंतीला धरून टाचा वर-खाली, पंधरा वेळा. पाच, भिंतीजवळ एका पायावर उभं राहायचं, दहा मोजेपर्यंत, मग दुसऱ्या. सहा, दोन्ही हात कंबरेवर ठेवून हळूच मागे वाकायचं, पाच वेळा. एवढंच. साडी थोडी वर खोचा, अनवाणी करा, हसत करा.

पण काही गोष्टी आधी सांगायला हव्यात. छातीत दुखत असेल, चार पावलांत धाप लागत असेल, चक्कर येत असेल, कंबरेतून पायात मुंग्या किंवा बधिरपणा उतरत असेल, तर आधी डॉक्टर. रक्त कमी असेल तर व्यायामाआधी रक्त भरून काढा. आशाताईंकडून लोहाच्या गोळ्या घ्या, तपासणी करा. उपाशी पोटी राबणाऱ्या बाईला व्यायामाचा उपदेश करणं हा अन्याय आहे. गरोदर असाल तर विचारून करा. आणि ज्यांचं अंग बाहेर येतं, त्या बायका हे कुणाला सांगत नाहीत, मला माहीत आहे. गटात हळूच कानात सांगतात. मैत्रिणींनो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. गर्भाशयाला खालून धरणारे स्नायू सैल झालेले असतात. त्या स्नायूंचेही व्यायाम असतात, लघवी रोखून धरल्यासारखं आत ओढायचं, पाच मोजेपर्यंत धरायचं आणि सोडायचं. पण आधी डॉक्टरला दाखवा, आणि तोपर्यंत जड ओझं उचलू नका. घरात सांगा, हा हंडा आता मी उचलणार नाही. घरातल्या पुरुषांनाही दोन हात, दोन खांदे आणि मजबूत मांड्या आहेत. हे कायनेसिऑलॉजीच्या कुठल्याही पुस्तकात मिळेल.

माझी आई आता कशी आहे, विचाराल. त्या बाईंनी दोन व्यायाम दिले होते. एक, टेबलाला धरून वाकायचं आणि दुखरा हात घड्याळाच्या लंबकासारखा सैल झुलवायचा. दुसरा, भिंतीवर बोटांनी कोळ्यासारखं वर चढायचं. रोज जिथवर बोटं पोचतील तिथे आई पेन्सिलीने खूण करायची. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्या खुणा अजून आहेत. पहिले दोन महिने खूण जवळजवळ तिथेच. रडायची. मग बोट बोट वर सरकायला लागली. सव्वा वर्ष लागलं. आजही हात पूर्ण मागे जात नाही. पण अंबाडा ती स्वतः घालते. पोळ्या अर्ध्यावर आणल्या, ओटा करून घेतला, उभ्याने लाटते आणि मधेमधे हात वर करते.

सासूबाईंना मी रोज संध्याकाळी दोन मजले जिन्याने चढवते, कठड्याला धरून. कटकट करतात, पण येतात.

तुम्हाला आज एकच काम देते. पुढच्या मीटिंगला हजेरी झाली की सगळ्या जणी भिंतीपाशी उभ्या राहा आणि दोन्ही हात वर करून बघा. कुणाचा हात कानापर्यंत जात नाही, तिचं नाव वहीत लिहा. हप्त्यांच्या पानावर नको, वेगळ्या पानावर. दोन महिन्यांनी पुन्हा बघा. आणि त्या मागच्या रांगेतल्या मावशी जर आत्ता ऐकत असतील, तर मावशी, उशीर झाला, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर घेऊन मी परत येणार आहे. त्या दिवशी विषय बदलणार नाही.